विश्लेषण : मृतदेह परदेशातच राहिले, मग ऑस्ट्रेलियाने आपल्या सैनिकांच्या आठवणी कशा जपल्या?

दरवर्षी २५ एप्रिलला उजाडण्यापूर्वी ऑस्ट्रेलियातील शहरांत आणि खेडोपाडी लोक गावच्या स्मृतिस्तंभापाशी अंधारात जमतात. बिगूलवर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, काही वेळ शांतता पाळली जाते, मग माजी सैनिकांची संचलने निघतात. दुपारनंतर पबमध्ये दोन नाणी उडवून खेळायचा ‘टू-अप’ हा जुगारही रंगतो. एरवी त्यावर बहुतेक ठिकाणी निर्बंध असतात, या दिवशी मात्र सूट. हा ‘अँझॅक डे’. राजधानी कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या कांस्यफलकांवर युद्धांत मरण पावलेल्या १ लाख ३ हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. हुद्दा कोणाच्याही नावापुढे नाही. यांतील बहुसंख्य जण तुर्कस्तान, फ्रान्स, बेल्जियम, थायलंड किंवा बोर्निओच्या मातीत आहेत, आणि हजारोंचा तर पत्ताच लागला नाही. घरच्यांच्या हाती राहिला तो कागद : तार, पत्र, डायरी, चौकशीचा अहवाल. या देशाची युद्धस्मृती अशा कागदांवर उभी आहे. गंमत म्हणजे सैनिकांभोवती रचलेल्या दंतकथेला सर्वाधिक अडचणीत आणले तेही याच कागदांनी.

२५ एप्रिल १९१५ रोजी काय घडले?

पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्सला डार्डानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घेऊन इस्तंबूलपर्यंत पोहोचायचे होते. त्यासाठी गॅलिपोली द्वीपकल्पावर सैन्य उतरवण्यात आले. ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर, म्हणजेच ‘अँझॅक’, पहाटे एका अरुंद किनाऱ्यावर उतरली. वर उभे कडे आणि त्यांवर तुर्की सैनिक. पहिल्याच दिवशी दोन हजारांहून अधिक जण ठार वा जखमी झाले. आठ महिने दोन्ही सैन्ये खंदकांत समोरासमोर बसून राहिली आणि डिसेंबरमध्ये अँझॅक तुकड्या रात्रीच्या अंधारात गुपचूप माघारी आल्या. मोहीम फसली होती. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांवर सैनिक तिथे मेले, तर तुर्की मृतांची संख्या ८० हजारांच्या पुढे गेली.

त्यानंतर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये झालेला संहार याहून कितीतरी मोठा होता. पण नव्याने एकत्र आलेल्या, जेमतेम १४ वर्षांच्या राष्ट्राची ही पहिली मोठी लढाई असल्याने तारीख कायमची ठरली ती गॅलिपोलीचीच. पुढच्याच वर्षीपासून हा दिवस पाळला जाऊ लागला.

मृतदेह मायदेशी का आणले नाहीत?

त्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० लाखांहून कमी होती. चार लाखांहून अधिक पुरुष भरती झाले, त्यांतील तीन लाखांवर परदेशी गेले आणि ६० हजारांहून अधिक मेले. हे सारे स्वेच्छेने भरती झालेले होते. सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा जनमत घेण्यात आले आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. ‘मुलगा स्वतःहून गेला’ ही बाब त्यामुळे प्रत्येक घरात अभिमानाचीही होती आणि सलणारीही.

ब्रिटिश साम्राज्याचे धोरण होते, की सैनिक जिथे पडला तिथेच त्याला पुरायचे. अंतर आणि संख्या पाहता दुसरे काही शक्यही नव्हते. श्रीमंताचा मुलगा घरी आणि गरिबाचा परदेशात, असा भेद होऊ नये हाही त्यामागचा विचार होता. पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन मृतांपैकी एकाच ओळख पटलेल्या अधिकाऱ्याचा देह त्या काळात मायदेशी आला. ते होते मेजर जनरल विल्यम ब्रिजेस. मे १९१५ मध्ये गॅलिपोलीत त्यांना स्नायपरची गोळी लागली. त्यांचा घोडा ‘सँडी’ही परत आला. परदेशी पाठवलेल्या सुमारे १ लाख ३६ हजार घोड्यांपैकी घरी परतलेला तो एकटाच.

बाकीच्या कुटुंबांना मिळाला तो दगडावरचा एक मजकूर. कबरीच्या शिळेवर तळाशी स्वतःच्या शब्दांत ओळ कोरून घेण्याची मुभा इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने दिली होती. मर्यादा ६६ अक्षरांची, तीही शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. त्यासाठी अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारण्याची पद्धत होती. न्यूझीलंडने आपल्या सैनिकांसाठी ही सोय नाकारली, ऑस्ट्रेलियाने स्वीकारली. जी कबर आई-वडील बहुधा कधीच पाहणार नव्हते तिच्यासाठी त्यांनी दूरवरच्या शेतघरात बसून अक्षरे मोजली. ज्यांची कबरच नव्हती त्यांच्यासाठी तेवढेही नव्हते. पश्चिम आघाडीवरच्या अशा ऑस्ट्रेलियनांची संख्या सुमारे १८ हजार आहे.

‘बेपत्ता’ म्हणजे काय, हे घरच्यांना कोण सांगत असे?

सरकारी तार त्रोटक असे. मृत्यूची तार आणण्याचे काम स्थानिक धर्मगुरूवर सोपवलेले होते. त्यामुळे पाद्री गल्लीत वळला की दारे-खिडक्यांतून लोक श्वास रोखून पाहत. पण ‘बेपत्ता’ या शब्दाचा अर्थ पाद्रीलाही सांगता येत नसे.

हे उत्तर शोधण्याचे काम एका तरुणीने अंगावर घेतले. माजी पंतप्रधान अल्फ्रेड डीकिन यांची कन्या व्हेरा डीकिन ऑक्टोबर १९१५ मध्ये कैरोला पोहोचली आणि तिने रेडक्रॉसचे जखमी व बेपत्ता सैनिक चौकशी केंद्र सुरू केले. पुढच्या वर्षी ते लंडनला हलले. केंद्राची पद्धत साधी होती. बेपत्ता सैनिकांच्या याद्या घेऊन शोधकर्ते इस्पितळांत फिरत आणि त्याच तुकडीतील जखमींना खाटेशी बसून विचारत, याला शेवटचे कधी पाहिले? कुठे? अंगावर काय होते? दिसायला कसा होता? हे जबाब टंकलिखित करून पडताळले जात आणि मग घरी पत्र जाई.

या कामातून सुमारे ३२ हजार प्रकरणांच्या फायली तयार झाल्या. त्या आज स्कॅन स्वरूपात ऑनलाइन आहेत आणि वाचताना अंगावर येतात. एकाच सैनिकाबद्दल एक साक्षीदार सांगतो, तोफगोळा पडला आणि तो जागीच गेला. दुसरा सांगतो, तो बराच वेळ जिवंत होता आणि पाणी मागत होता. तिसऱ्याने त्याला कैदी म्हणून नेताना पाहिलेले असते. चौथा भलत्याच माणसाचे वर्णन करतो. कोणीही मुद्दाम खोटे बोलत नाही. गोळीबारात अंधारात धावताना माणसाला जे दिसते तेच यांना दिसलेले असते. युद्धाच्या आठवणीवर किती विसंबावे, हा प्रश्न पुढे इतिहासकारांना पडला. त्याचे पहिले उत्तर या फायलींतच होते.

दंतकथा कोणी घडवली?

पत्रकार चार्ल्स बीन हे सरकारी युद्धवार्ताहर म्हणून गॅलिपोलीत पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर उतरले. पायात गोळी लागूनही ते थांबले नाहीत. युद्ध संपेपर्यंत त्यांनी दोनशेहून अधिक वह्या भरल्या. पुढे १२ खंडांचा अधिकृत इतिहास त्यांच्या संपादनाखाली निघाला आणि त्यातील सहा खंड त्यांनी स्वतः लिहिले. त्यातील तळटिपा प्रसिद्ध आहेत. साध्या शिपायाचा उल्लेख आला तरी तो कुठला, युद्धाआधी काय काम करायचा, कधी मेला याची नोंद खाली सापडते. सेनापतींच्या इतिहासात हे नवीन होते. युद्धस्मारकाची कल्पनाही त्यांचीच. ते ११ नोव्हेंबर १९४१ रोजी उघडले, म्हणजे पहिल्या युद्धाचे स्मारक तयार होईपर्यंत दुसरे सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.

मात्र ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणजे बेडर, विनोदी, मित्रासाठी जीव देणारा आणि साहेबाला न जुमानणारा ही प्रतिमा घडवण्यातही बीन यांचाच हात मोठा. १९१५च्या शेवटी त्यांनी गॅलिपोलीतील खंदकांमधून सैनिकांचे लेख, कविता आणि चित्रे मागवली. त्यातून ‘द अँझॅक बुक’ हे पुस्तक निघाले आणि त्याच्या लाखभर प्रती खपल्या. १९८०च्या दशकात इतिहासकार डेव्हिड केंट यांनी या पुस्तकासाठी आलेले पण न छापलेले लिखाण तपासले. भीती, कंटाळा, घाण, आजारपणाचे सोंग, युद्धाबद्दलचा कडवटपणा असे बरेच काही बीन यांनी बाजूला ठेवले होते. पण एका गोष्टीचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. नाकारलेले कागद त्यांनी फाडून टाकले नाहीत, म्हणून तर केंट यांना ते वाचता आले.

जॉन सिम्पसन याची कथा या प्रतिमेचा उत्तम नमुना. गाढवावरून जखमींना किनाऱ्यावर आणणारा हा स्ट्रेचरवाहक ऑस्ट्रेलियातील शाळकरी मुलांनाही माहीत असतो. प्रत्यक्षात तो इंग्लंडचा, जहाजावरून पळालेला खलाशी होता आणि गॅलिपोलीत २४ दिवसांत मारला गेला. त्याने ३०० जणांना वाचवल्याचे सांगितले जाते, पण इतक्या कमी दिवसांत हा आकडा बसत नाही. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा या मागणीची शासकीय न्यायाधिकरणाने तपासणी केली आणि २०१३ मध्ये शिफारस नाकारली. त्याचे धैर्य खरे होते, पण तसेच काम करणाऱ्या इतर स्ट्रेचरवाहकांपेक्षा ते वेगळे होते असे नोंदींतून दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ.

डायऱ्यांत काय सापडले आणि आठवणींचे काय झाले?

डिसेंबर १९१८ मध्ये, म्हणजे सैनिक अजून घरीही परतले नव्हते तेव्हा, सिडनीच्या सरकारी ग्रंथालयाने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली : तुमची युद्धातील डायरी आम्ही विकत घेऊ. ग्रंथपाल डायरीची योग्यता पाहून किंमत ठरवत. पेन्सिलीने लिहिलेल्या, चिखलाचे डाग पडलेल्या शेकडो वह्या अशा जमा झाल्या. त्यांचे लिप्यंतर अलीकडे स्वयंसेवकांनी केले आहे.

युद्धस्मारकातही अशी पत्रे आणि डायऱ्या होत्या, पण इतिहासकार तिकडे फारसे फिरकत नव्हते. १९६०च्या दशकात बिल गॅमेज नावाच्या विद्यार्थ्याने त्या वाचायला घेतल्या. एक हजार सैनिकांच्या लिखाणावर आधारित त्यांचे ‘द ब्रोकन इयर्स’ १९७४ मध्ये आले. १९१५ मध्ये साहसाची भाषा बोलणारी तीच मुले १९१७ पर्यंत कशी थकत, विझत गेली हे त्यात त्यांच्याच शब्दांत होते. या पुस्तकामुळे दिग्दर्शक पीटर वीअर यांनी ‘गॅलिपोली’ (१९८१) या चित्रपटासाठी गॅमेज यांना सल्लागार म्हणून घेतले. चित्रपट गाजला.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही स्मृतिअभ्यासकाला चक्रावून टाकणारे होते. अ‍ॅलिस्टर थॉमसन हे तरुण इतिहासकार १९८०च्या दशकात मेलबर्नच्या कामगार वस्त्यांतील वृद्ध सैनिकांच्या मुलाखती घेत होते. त्यांच्या लक्षात आले, की काही म्हातारे स्वतःची आठवण म्हणून जे सांगत आहेत ते या चित्रपटातील प्रसंग आहेत. म्हणजे डायऱ्यांतून पुस्तक, पुस्तकातून चित्रपट आणि चित्रपटातून पुन्हा सैनिकाच्या डोक्यात. हे वय झाल्यामुळे होते असे म्हणून थॉमसन थांबले नाहीत. समाजाला जे ऐकायचे असते त्याच्याशी आपली आठवण जुळवून घेतल्याशिवाय माणसाला तिच्यासह जगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जुळवून घेता न आलेलेही होतेच. फ्रेड फॅरल हा शेतकरी कुटुंबातला मुलगा सोमच्या लढाईतून मनाने खचून परतला. युद्धाबद्दल तो वर्षानुवर्षे बोलू शकला नाही आणि अँझॅक डेच्या संचलनांपासून लांबच राहिला. मोकळे बोलायला त्याला म्हातारपण यावे लागले.

थॉमसन यांच्या घरातही एक बंद कप्पा होता. त्यांचे आजोबा हेक्टर युद्धावरून आल्यावर मानसिक आजाराने ग्रासले होते. १९९४च्या पुस्तकात हे लिहायला थॉमसन यांच्या वडिलांचा, म्हणजे हेक्टर यांच्या मुलाचा, विरोध होता, म्हणून ते गाळावे लागले. २०१३च्या नव्या आवृत्तीत त्यांनी आजोबांच्या सरकारी वैद्यकीय फायली वाचून तो भाग लिहिला. घरात जे बोलले गेले नाही ते पेन्शन खात्याच्या कागदांत नोंदलेले होते.

युद्धकैद्यांचा आवाज उशिरा का उमटला?

दुसऱ्या महायुद्धात २२ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन जपानच्या कैदेत पडले, त्यांतील बहुतेक फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यानंतर. आठ हजारांहून अधिक परत आले नाहीत, म्हणजे तिघांतला एक. थायलंड-बर्मा रेल्वेच्या कामावर सुमारे २,८०० जण मेले. बोर्निओतील सांडाकान छावणीत जानेवारी १९४५ मध्ये जवळपास २,४०० ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैदी होते. युद्ध संपल्यानंतर त्यांतील फक्त सहा जिवंत राहिले होते, तेही पळून गेले म्हणून.

अँझॅक कथेत सैनिक हल्ला करतो. शरण गेलेल्या, भुकेने खंगलेल्या, आमांशाने वाळलेल्या माणसाला त्या कथेत जागा नव्हती. परतलेल्यांना ‘झाले गेले विसरा’ असा सल्ला मिळाला. बर्फ फुटायला १९८०चे दशक उजाडले. १९८४ मध्ये माजी कैद्यांच्या मुलाखतींवर आधारित मालिका एबीसी रेडिओवर आली. १९८६ मध्ये लष्करी सर्जन ‘वेरी’ डनलप यांच्या छावणीत लपवून ठेवलेल्या डायऱ्या प्रसिद्ध झाल्या. डोंगर फोडून काढलेली ‘हेलफायर पास’ ही रेल्वेची खिंड जंगलाने गिळली होती. ती एका माजी कैद्यानेच शोधून काढली आणि १९९८ मध्ये तिथे संग्रहालय झाले. त्याच रेल्वेवर सुमारे ९० हजार आशियाई मजूर मेल्याचा अंदाज आहे, त्यांत मलायातील मळ्यांवरून नेलेले तमिळ मोठ्या संख्येने होते. त्यांच्या डायऱ्या नाहीत, नावांची भिंतही नाही.

परिचारिकांबाबत तर मौन जवळपास सक्तीचे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये बांका बेटावर जपानी सैनिकांनी २२ ऑस्ट्रेलियन परिचारिकांना समुद्रात चालायला लावून गोळ्या घातल्या. त्यातून व्हिव्हियन बुलविंकल एकट्याच वाचल्या. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. पण त्याआधी परिचारिकांवर लैंगिक अत्याचार झाल्याची गोष्ट त्यांना बोलू दिली गेली नाही, असे अलीकडच्या संशोधकांनी मांडले आहे. २०२३ मध्ये युद्धस्मारकाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला.

व्हिएतनाममध्ये सुमारे ६० हजार ऑस्ट्रेलियन गेले आणि पाचशेहून अधिक मेले. परतलेल्यांशी लोक तुटकपणे वागले, काही ठिकाणी जुन्या सैनिकांच्या क्लबांनीही त्यांना आपले मानले नाही. त्यांचे ‘स्वागत संचलन’ निघाले ते थेट ऑक्टोबर १९८७ मध्ये. या युद्धाच्या काळात, १९६६ पासून, मृतदेह सरकारी खर्चाने मायदेशी आणण्याचे धोरण आले. तोपर्यंत मलेशियात पुरलेले मात्र तिथेच राहिले. अखेर जून २०१६ मध्ये मलेशिया आणि सिंगापूरमधील ३३ जणांचे अवशेष दोन विमानांनी ऑस्ट्रेलियात आणले गेले.

शंभर वर्षांनी नाव कसे परत मिळते?

१९ जुलै १९१६ रोजी उत्तर फ्रान्समधील फ्रोमेल येथे ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या डिव्हिजनचे एका रात्रीत ५,५३३ सैनिक ठार, जखमी किंवा कैद झाले. मेलबर्नचे निवृत्त शिक्षक लाम्बिस एन्ग्लेझोस यांना हिशेब जुळत नसल्याचे दिसले. बेपत्ता सैनिकांची संख्या आणि नंतर सापडलेल्या अनोळखी देहांची संख्या यांत मोठी तफावत होती. मग हे उरलेले गेले कुठे? त्यांनी व्हेरा डीकिनच्या केंद्राच्या फायली आणि युद्धकाळातील हवाई छायाचित्रे पडताळली. ‘फेझंट वुड’ या झाडीलगत खड्ड्यांच्या खुणा दिसत होत्या. बव्हेरियन सैन्याच्या म्युनिकमधील दप्तरात मृतांसाठी सामूहिक कबर खणण्याचा आदेशही मिळाला. अधिकारी बराच काळ साशंक होते. २००८ मध्ये चाचणी खोदाई झाली आणि पुढच्या वर्षी २५० देह बाहेर काढले गेले. त्यात फ्रीमँटल ते पर्थचे परतीचे रेल्वे तिकीट होते, परतीचा भाग न वापरलेले.

ओळख पटवण्यासाठी हाडांतील डीएनए नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवला जातो. यात मेख अशी, की वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते आणि मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे कोणताही नातलग चालत नाही, वंशावळीत नेमक्या धाग्यावरचा माणूस लागतो. विशीत मेलेल्या या मुलांपैकी अनेकांना अपत्य नव्हते. म्हणून आजीच्या बहिणीची पणती किंवा काकांचा खापरपणतू अशी माणसे शोधावी लागली. प्रयोगशाळेपेक्षा जास्त वेळ या वंशावळींना लागला. आतापर्यंत १७० हून अधिक जणांना नाव मिळाले असून त्यांच्या नव्या कबरींवर घरच्यांना मजकूरही कोरता आला. उरलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियन लष्कर आजही नातेवाइकांकडून नमुने मागत असते.

कोणते कागद अजून अवघड वाटतात?

पहिल्या महायुद्धात एक हजाराहून अधिक आदिवासी ऑस्ट्रेलियन सैन्यात होते. नियमानुसार त्यांना भरतीच नव्हती. काहींनी वंश लपवला, काहींकडे भरती अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला आणि १९१७ मध्ये सैनिक कमी पडू लागल्यावर नियम थोडा सैल झाला. परतलेल्या गोऱ्या सैनिकांना शेतजमिनी मिळाल्या, यांच्यातील बहुतेकांना नाहीत. त्यांना समर्पित शिल्प युद्धस्मारकाबाहेर उभे राहिले ते २०१९ मध्ये.

नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रेरटन अहवाल प्रसिद्ध झाला. अफगाणिस्तानात विशेष दलातील काहींनी ३९ जणांची बेकायदा हत्या केल्याबाबत विश्वसनीय माहिती असल्याचे त्यात नमूद होते. याही गोष्टीला युद्धस्मारकात जागा द्यायची का आणि किती, यावर तेव्हापासून वाद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सैनिकांच्या आत्महत्यांबाबतच्या शाही आयोगाचा अंतिम अहवाल आला. १९९७ ते २०२१ या काळात किमान १,६७७ आजी-माजी सैनिकांनी आत्महत्या केल्याचे त्याने नोंदवले. याच काळात लढाईत वा मोहिमेवर मरण पावलेल्यांच्या तुलनेत ही संख्या २० पटींहून जास्त आहे. यांची नावे कांस्यफलकांवर सरसकट कोरली जात नाहीत.

भारताशी, महाराष्ट्राशी काय संबंध?

गॅलिपोलीत सुमारे १५ हजार भारतीय लढले आणि त्यांतील दीड हजाराच्या आसपास मेले. कोहाट आणि जेकब्ज या दोन भारतीय पहाडी तोफखान्यांनी २५ एप्रिललाच अँझॅक किनारा गाठला होता. खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा पोहोचवणारेही भारतीयच. गाढववाला सिम्पसन आपल्या तुकडीपेक्षा कोहाट तोफखान्याच्या तळावरच राहत असे आणि तिथले सैनिक त्याला ‘बहादूर’ म्हणत. भारतीयांनी स्वतः लिहिलेले मात्र फार थोडे उरले आहे. इतिहासकार पीटर स्टॅन्ले यांनी २०१५ मध्ये गॅलिपोलीतील भारतीयांवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांना बराचसा आधार ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या डायऱ्या, पत्रे आणि छायाचित्रांचाच घ्यावा लागला.

मराठी सैनिक आणि ऑस्ट्रेलियन एकत्र आले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. भारत सरकारच्या विनंतीवरून १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने तिथे छोटे विमानपथक पाठवले होते. जनरल टाउनशेंड यांची सहावी पूना डिव्हिजन डिसेंबरपासून कूत शहरात वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीला आलेले सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यांत नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिकही होते. वाळवंटातून पायी नेलेल्या या कैद्यांपैकी हजारो मेले, आणि त्या नऊ जणांतले बहुतेकही.

या मेकॅनिकांची नावे कॅनबेराच्या भिंतीवर आहेत आणि पहिल्या महायुद्धातील पावणेचार लाखांवर ऑस्ट्रेलियनांप्रमाणेच त्यांच्या भरतीच्या फायलीही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोबाइलवर उघडता येतात. कूतमध्ये मेलेल्या ज्या भारतीयांच्या कबरी नाहीत त्यांची आठवण बसराच्या स्मारकाने ठेवली, पण तिथल्या फलकांवर साध्या भारतीय शिपायांची पलटणवार संख्या कोरली गेली, नावे नाहीत. ही वागणूक असमान होती, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये मान्य केले. सातारा, रत्नागिरी भागातील गावांत आजही त्या युद्धाचे इंग्रजकालीन दगडी फलक दिसतात. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवर मजकूर असतो.